लांडगा ओळखायला तिला किती वेळ लागतो?

लाल टोपीवाल्या मुलीच्या जुन्या कथेवर तुम्ही भयकादंबरी लिहीत आहात. नायिका १३ वर्षांची आहे, दर आठवड्याला ती जंगल ओलांडून आजारी आजीकडे जाते, आणि निम्मी कादंबरी उलटल्यावर आजीच्या अंथरुणात आजी नसून दुसरेच काही तरी आहे हे उघड होते. हस्तलिखित वाचणाऱ्या तिघांनीही तुम्हाला एकच तक्रार सांगितली: पूर्वार्ध एका मुलीच्या मोठे होण्याची कौटुंबिक कादंबरी वाटतो, उत्तरार्ध भयकथा वाटतो, आणि दोन्ही एकजीव होत नाहीत. शिवाय मूळ कथा सर्वांना पाठ असल्यामुळे ज्या पानांवर भीती वाटायला हवी तिथेही ती वाटत नाही. यावर काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे.

मी २० वर्षांहून अधिक काळ कादंबऱ्यांचे संपादन करते आहे आणि त्यांत भयकादंबऱ्यांचा वाटा बराच आहे. तुम्ही वर्णन केलेला दोष मी अनेक हस्तलिखितांत पाहिला आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. तुमच्या नायिकेला पहिल्या अर्ध्या भागात काहीही माहीत नसते आणि एका प्रसंगानंतर एकदम सगळे माहीत होते. न कळण्यापासून कळण्यापर्यंतचा जो प्रवास हा तुमच्या कादंबरीचा खरा विषय आहे, तो एका रात्रीत उरकला गेला आहे. वाचकाला मात्र पहिल्या पानापासून लांडगा माहीत आहे. म्हणजे वाचक आणि नायिका यांच्यात जाणिवेचे एक मोठे अंतर तुम्हाला आयते मिळालेले आहे, आणि ते हळूहळू कमी होत जाणे म्हणजेच तिचे वयात येणे. भीतीची जागाही तेच अंतर आहे. ज्याला तुम्ही दोन कादंबऱ्या समजत आहात ती एकच कादंबरी आहे. फक्त तिचा कणा तुम्ही मधोमध कापला आहे.

मूळ कथा सर्वांना पाठ असणे ही अडचण आहे, हे मला मान्य नाही. पुढे काय होणार ही उत्कंठा तुमच्या हातून गेली आहे, हे खरे. पण तिला कधी कळणार ही उत्कंठा शिल्लक आहे, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते. या कथेच्या जुन्या पाठांनी, म्हणजे ती सांगण्याच्या जुन्या रूपांनीही हेच केले आहे, म्हणून ते पुन्हा एकदा, या वेळी लेखकाच्या नजरेने, वाचावेत असा माझा आग्रह आहे.

शार्ल पेरो यांनी ही कथा १६९७ मध्ये फ्रेंचमध्ये छापली. त्यांच्या पाठात आई मुलीला कोणतीही ताकीद देत नाही, शेवटी कोणी शिकारी येत नाही, आणि लांडगा मुलीला खातो तिथेच कथा संपते; त्यापुढे फक्त बोधाच्या काही पद्यपंक्ती आहेत. या पाठातले एक वाक्य मी नवीन लेखकांना नेहमी दाखवते. मुलगी दार वाजवते, आतून लांडग्याचा घोगरा आवाज येतो, आणि ती आधी घाबरते. मग आजीला सर्दी झाली असेल असे मानून उत्तर देते. संपूर्ण कथेतली सर्वांत भयंकर जागा मला ही वाटते, दातांची नव्हे. तिला कळले होते. ते कळणे तिने स्वतःच एक सोयीचे कारण शोधून परत पाठवले. लहान मूल मोठ्या माणसांच्या जगात ज्या रीतीने वावरते ती रीत या एका वाक्यात आलेली आहे: आपल्याला जे वाटते ते चूक असणार, कारण मोठी माणसे बरोबर असतात.

ग्रिम बंधूंच्या १८१२ मधील संग्रहात कथा बदलते, आणि तिथे आईची ताकीद येते. ती ताकीद कशाबद्दल आहे ते जरा बारकाईने पाहा. वाट सोडू नकोस, नाही तर पडशील, बाटली फुटेल आणि आजीला काहीच मिळणार नाही, असे आई सांगते. नंतरच्या आवृत्त्यांत ती आजीला नमस्कार करायला विसरू नकोस, आधी खोलीच्या कानाकोपऱ्यांत डोकावत बसू नकोस, असेही बजावते. लांडग्याचा त्यात उल्लेखच नाही. मुलीला बाटलीची काळजी घ्यायला शिकवले आहे, शिष्टाचार शिकवला आहे, आणि विशेष म्हणजे कानाकोपऱ्यांत पाहू नये हे शिकवले आहे. लांडगा भेटतो तेव्हा तो किती दुष्ट आहे हे तिला ठाऊक नसते, म्हणून तिला त्याची भीती वाटत नाही. आजीचे दार उघडे दिसते तेव्हा मात्र आज आपल्याला इतके अस्वस्थ का वाटते आहे, एरवी तर इथे यायला किती आवडते, असे तिच्या मनात येते. आणि तरीही ती पुढे जाऊन नमस्कार करते, कारण तेच तिला शिकवलेले असते.

यानंतरचा तो प्रसिद्ध संवाद आपण लहानपणी गमतीने म्हटलेला असतो, त्यामुळे त्याची रचना आपल्या लक्षात येत नाही. कान केवढे मोठे, डोळे केवढे मोठे, हात केवढे मोठे, तोंड केवढे मोठे. प्रत्येक प्रश्नाबरोबर ती सत्याच्या एक पाऊल जवळ जाते, प्रत्येक उत्तर तिला प्रेमाच्या भाषेत मागे खेचते, आणि शेवटच्या प्रश्नाला प्रेमाचे उत्तर उरत नाही. तुमची अख्खी कादंबरी म्हणजे हा संवाद लांबवलेला असावा. चार प्रश्न, चारशे पाने. पहिला प्रश्न तिला पहिल्या ३० पानांत पडला पाहिजे, आणि त्याचे समाधानकारक उत्तरही तिला तिथेच मिळाले पाहिजे.

आता तुमच्या हस्तलिखिताकडे वळते. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात नायिका आजीकडे चौथ्यांदा जाते तेव्हा आकाश भरून आलेले आहे, कावळे ओरडत आहेत, दार करकरते आणि ‘एक अनामिक भीती तिच्या मनाला स्पर्शून गेली’ असे वाक्य आहे. हे सगळे वातावरण वाचकासाठी आहे; मुलीला त्यातून काहीच कळत नाही, आणि वाचकाला ते आधीच माहीत आहे. त्याऐवजी पुढील ओळी पाहा. मी त्या फक्त दिशा दाखवण्यासाठी लिहिल्या आहेत.

‘पलंगाशेजारच्या पाण्याच्या भांड्यावर धूळ होती. तिने भांडे विसळले, भरले आणि परत तिथेच ठेवले. आजारी माणसाला पाणी फार लागते असे आई म्हणाली होती, मग आजीने आठवडाभर पाणी प्यायले नाही की काय, असा विचार तिच्या मनात आला. पण कदाचित दुसरे भांडे असेल. आजीने तिला जवळ बोलावले. ती गेली. घरी परतल्यावर आईने विचारले, पाठीला हा पांढरा रंग कसला लागला आहे? तेव्हा तिच्या ध्यानात आले की आज ती सबंध वेळ भिंतीला पाठ टेकवूनच त्या खोलीत वावरली होती.’

यात कावळे नाहीत आणि भीती हा शब्दही नाही. धुळीचे भांडे तिने पाहिले आहे, त्याचा अर्थ जवळजवळ लावला आहे आणि ‘दुसरे भांडे असेल’ असे म्हणून तो परत केला आहे. पेरोंच्या मुलीने सर्दीचे कारण शोधले तसेच. पण तिच्या पाठीला मात्र कळले आहे. या वयात शरीराला आधी कळते आणि मनाला नंतर, आणि वयात येण्याची कादंबरी व भयकादंबरी या दोन्ही प्रकारांचे हे समान भांडवल आहे. असे प्रसंग पूर्वार्धात सहा-सात तरी हवेत, आणि प्रत्येक वेळी तिने शोधलेले कारण आधीच्या कारणापेक्षा थोडे अधिक दुबळे हवे. वाचक ते दुबळे होत जाणे मोजत राहतो. तीच तुमची भीती.

निवेदनाबद्दल माझे मत ठाम आहे. तुम्ही मोठ्या झालेल्या नायिकेच्या तोंडून, प्रथमपुरुषात, मागे वळून पाहत कथा सांगितली आहे, आणि त्यामुळे ‘तेव्हा मला हे कळले नाही’ या अर्थाची वाक्ये दर दोन पानांनी येतात. प्रत्येक अशा वाक्याने तुम्ही अंतर उघडपणे मोजून दाखवता आणि वाचकाचे काम हिरावून घेता. ती जगली, मोठी झाली आणि शांतपणे लिहिते आहे, हेही पहिल्याच पानावर कळून जाते. तृतीयपुरुषात या, पण तिच्या खांद्यापासून हलू नका. तिला जे शब्द माहीत आहेत तेवढेच निवेदनाला माहीत असू द्या. मग एक गोष्ट तुम्हाला करता येईल, जी मला स्वतःला फार प्रिय आहे. सुरुवातीला निवेदन ‘आजीचे घर’ म्हणेल, आणि एका ठरावीक प्रसंगानंतर, कोणतीही सूचना न देता, ते ‘ते घर’ म्हणू लागेल. वाचकाच्या हे लगेच लक्षात येणार नाही, पण आत कुठे तरी त्याची नोंद होईल.

पूर्वार्धातल्या कौटुंबिक भागाबद्दल तुमच्या वाचकांनी तक्रार केली असली तरी तो काढून टाकू नका. त्यातली आई चांगली उभी राहिली आहे. तिचा आणि लांडग्याचा संबंध मात्र तुम्ही जोडलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने ती हस्तलिखितातली सर्वांत मोठी उणीव आहे. जुन्या बालकथांतले खरे भय पुष्कळदा राक्षसापेक्षा घरात जास्त असते. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांच्या कथेत मुले रात्री जागी असतात आणि आपल्याला जंगलात सोडून यायचे आई-वडिलांचे बेत कानांनी ऐकतात. दुसऱ्या दिवशी जंगलात शेकोटीजवळ बसलेली असताना त्यांना कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात आणि वडील जवळच आहेत असे वाटून ती निश्चिंत राहतात. तो आवाज कुऱ्हाडीचा नसतो. वडिलांनी एका वठलेल्या झाडाला फांदी बांधून ठेवलेली असते आणि वाऱ्याने ती आपटत असते. चेटकीण यायची आहे अजून, पण माझ्या अंगावर काटा येतो तो इथे, कारण ती फांदी कोणी तरी विचारपूर्वक, गाठ मारून बांधली आहे. पहिल्या आवृत्तीत हा बेत सुचवणारी बाई मुलांची सख्खी आई होती. १८४० च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिला सावत्र केले. सख्खी आई वाचकांना सोसवत नव्हती, असा याचा अर्थ मी लावते. तुमच्यासारख्या लेखकाने नेमके ते न सोसवणारे स्थान शोधायचे असते.

म्हणून स्वतःला विचारा: तुमच्या नायिकेच्या आईला काय माहीत आहे? काही वर्षांपूर्वी मी अशाच धर्तीच्या एका हस्तलिखितावर काम केले होते. त्यात आई दर वेळी मुलीला सोडायला जंगलाच्या कडेपर्यंत येत असे आणि तिथून परत फिरत असे. लेखिकेने हे सहज लिहिले होते. आईला कामे असतात, एवढेच तिच्या मनात होते. मी समासात लिहिले की ही बाई या झाडाच्या पुढे का जात नाही? लेखिकेने दोन महिने घेतले आणि नव्या खर्ड्यात ते झाड तेच ठेवले, आईचे परत फिरणे तेच ठेवले, फक्त एका प्रकरणात मुलगी आईचा हात धरून तिला एक पाऊल पुढे ओढते आणि आईचा हात थंडगार पडतो, एवढे घातले. पुढे मुलीला कळते की आईही एकेकाळी याच वाटेने गेली होती. त्या बदलानंतर कादंबरीतला एकही शांत प्रसंग शांत राहिला नाही. स्वयंपाकघरातले साधे बोलणेसुद्धा वाचताना छातीवर दडपण येई. आई दुष्ट नव्हती. तिला माहीत होते, ती बोलली नव्हती, आणि न बोलण्याची तिची कारणे समजण्यासारखी होती. हे समजणे मुलीला लांडग्यापेक्षा जास्त महाग पडले.

शरीरातील बदलांविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे, आणि तो संकोच मला योग्य वाटतो, पण त्यामुळे तुम्ही तो विषय टाळलाच आहे. कार्लो कोलोदी यांच्या पिनोकिओ या लाकडी बाहुल्याच्या कथेत एक उत्तम वस्तुपाठ आहे. तो एका सकाळी उठतो, डोके खाजवतो आणि कान वीतभराहून जास्त वाढल्याचे त्याच्या हाताला लागते. आरसा सापडत नाही म्हणून तो तोंड धुण्याच्या भांड्यात पाणी भरतो आणि त्यात पाहतो, तर गाढवाचे कान. हाताला आधी लागते, मग शोधाशोध, मग पाण्यातले प्रतिबिंब. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर आशा शिल्लक. शरीर आपल्याला न विचारता बदलते ही पौगंडावस्थेतली साधी, रोजची गोष्ट आहे, आणि तीच नीट जवळून पाहिली तर तिच्यासाठी वेगळे रक्त सांडावे लागत नाही.

इथेच एक गंभीर सूचना करते. या कथेतला लांडगा कोणाचे रूप आहे हे पेरो यांनी आपल्या पद्यपंक्तींत लपवलेले नाही. गोड बोलणारे, तरुण मुलींच्या मागोमाग घरापर्यंत येणारे लांडगे सर्वांत धोक्याचे, असे ते सरळ सांगतात. तुमच्या उत्तरार्धातल्या दोन प्रसंगांत मुलीवरच्या संकटाचे वर्णन लांडग्याच्या नजरेतून केले आहे. ते काढा. मुलीचे शरीर हे पाहण्याचे दृश्य होता कामा नये. तिने काय ऐकले, तिच्या हाताखाली पलंगाची कड कशी लागली, तिने दारापर्यंतची पावले कशी मोजली, एवढेच लिहा. वाचकांत याच वयाच्या मुली असतील, आणि त्यांतल्या काहींना लांडगा भेटलेला असेल. त्यांच्याशी आपण प्रामाणिक राहिले पाहिजे.

लांडग्याच्या स्वरूपाबद्दल फार लिहीत नाही. तो बोलतो का, रूप कसे घेतो, याचे नियम तुमच्याजवळ पक्के असू द्या आणि पुस्तकात त्यांतले थोडेच येऊ द्या. पेरो आणि ग्रिम यांच्या कथांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे त्या मोकळेपणाने घ्या. अलीकडच्या रूपांतरांनी स्वतः घातलेले तपशील मात्र त्यांचे असतात.

शेवट बदलण्याचा विचार तुम्ही करत आहात, म्हणून दोन जुने पाठ सांगते. फ्रान्समधील निव्हर्ने भागात १८८५ च्या सुमारास आशिल मिलिएं यांनी नोंदवलेल्या मौखिक कथेत शिकारी नाही आणि लाल टोपीही नाही. तिथे नरवृक, म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा माणूस, मुलीला विचारतो की तू टाचण्यांच्या वाटेने जाणार की सुयांच्या? घरी पोहोचल्यावर ती नकळत आजीचे मांस खाते आणि रक्त पिते. पण अंथरुणात गेल्यावर, सगळे प्रश्न विचारून झाल्यावर, ती बाहेर जायचे निमित्त करते, पायाला बांधलेला लोकरीचा धागा अंगणातल्या झाडाला बांधते आणि पळून घरी पोहोचते. ईव्हॉन व्हेर्दिए या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी टाचण्या आणि सुया यांचा संबंध खेड्यातील मुलींच्या वयात येण्याशी, शिवणकाम शिकण्याच्या वयाशी जोडून दाखवला आहे. म्हणजे मोठे होणे या कथेत आधीपासून आहे. ते तुम्ही बाहेरून आणून घातलेले नाही. आणि ही मुलगी सुटते ती स्वतःच्या अकलेने.

दुसरा पाठ ग्रिम बंधूंचाच आहे, पण तो फारसा कोणी सांगत नाही. शिकाऱ्याने सोडवल्यानंतरच्या पुरवणीत मुलीला पुन्हा एकदा, दुसरा लांडगा भेटतो. या वेळी ती थांबत नाही, सरळ आजीकडे जाते आणि वाटेत काय पाहिले ते तिला सांगते. दोघी दार लावून घेतात, लांडगा छपरावर चढून बसतो, आणि आजी ज्या पाण्यात सॉसेज शिजवले ते पाणी दारापुढच्या दगडी कुंडात ओतायला लावते. वासाने लांडगा मान पुढे काढतो, घसरतो आणि कुंडात बुडून मरतो. तुमच्या कादंबरीला मला हा दुसरा लांडगा हवा आहे. सध्याच्या खर्ड्यात आजीच्या जागी असलेले ते मरते, नायिका घरी येते आणि पाऊस थांबतो. तिथे मुलगी वाचली, पण मोठी झाली की नाही हे दिसत नाही. पहिला लांडगा ओळखायला तिला चारशे पाने लागली. दुसरा ओळखायला एक वाक्य लागू द्या. तुमच्या हस्तलिखितात तिची सात वर्षांची धाकटी बहीण आहे, जिला तुम्ही पहिल्या प्रकरणानंतर विसरला आहात. आजीचे घर रिकामे झाले तरी वाट तशीच आहे, आणि एक दिवस आई त्या धाकटीच्या हातात टोपली देते. नायिका दारात उभी आहे. ती काय बोलते, आणि आईच्या समोर बोलते की नाही, हे तुम्हाला ठरवावे लागेल. मी ते सांगणार नाही, कारण ते तुमचे पुस्तक आहे.

कामाचा क्रम मात्र सांगते. लांडगा उघड होतो त्या प्रकरणाला तूर्त हात लावू नका. पहिली ४० पाने तृतीयपुरुषात नव्याने लिहा, त्यात नायिकेच्या आजीकडच्या दोन फेऱ्या येऊ द्या, आणि प्रत्येक फेरीत तिला एक गोष्ट खटकू द्या, जिचे कारण ती स्वतःच शोधेल. एका स्वतंत्र कागदावर त्या खटकलेल्या गोष्टी आणि तिने शोधलेली कारणे समोरासमोर लिहून ठेवा; हा कागद पुस्तक संपेपर्यंत लागेल. आई जंगलाच्या कडेला कुठे थांबते तेही त्याच कागदावर लिहा. ही ४० पाने आधीच्या तिघांना देऊ नका, त्यांना सगळे माहीत झाले आहे. नव्या वाचकाला द्या, आणि त्याला एवढेच विचारा की वाचताना कुठल्या ओळीला त्याला मुलीला हाक मारावीशी वाटली.